फिक्सरनंतर फिल्म आणि फायबर प्रिंट किती धुवायचे?

प्रश्न: ३५ मिमी फिल्म फिक्सरनंतर (फिक्सर म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) डेव्हलपिंगच्या टाकीतच नळाखाली अर्धा तास धुतो. पाणी फार जातं. कमी पाण्यात भागेल का? शिवाय फायबर प्रिंट (प्लास्टिकचा थर नसलेल्या फोटो-कागदावरचे) काही महिन्यांत पिवळे पडतायत.

उत्तर १: फिक्सरमध्ये हार्डनर (फिल्मवरचा जिलेटिनचा थर कडक करणारं रसायन) नसेल तर फिल्मला तीन पाणी पुरे. टाकी भरून ५ वेळा उलटीसुलटी करा, ओता. ताज्या पाण्यात १० वेळा. पुन्हा ताज्यात २० वेळा. पाणी आधीच्या द्रावणांच्याच तापमानाचं घ्या. एकदम गार पडलं तर जिलेटिनवर जाळीदार सुरकुत्या येतात, त्या कायमच्या.

उत्तर २: आरसी प्रिंटला (प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावरच्या) २ मिनिटं वाहतं पाणी बस. फायबरचा कागद मात्र फिक्सर शोषतो. ५ मिनिटं धुवा, लिटरला २० ग्रॅम सोडियम सल्फाइटच्या द्रावणात १० मिनिटं हलवत ठेवा, मग निदान अर्धा तास धुवा. प्रिंट एकमेकांना चिकटू देऊ नका. चिकटलेला भाग धुतलाच जात नाही.

उत्तर ३: पिवळेपणासाठी आधी फिक्सर तपासा. तो थकला असेल तर चांदीची न विरघळणारी संयुगं कागदात राहतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत. दोन ट्रेमध्ये फिक्स करा, दुसरा कायम ताजा.