पाच तारांचा बँजो : सांगली-सातारकरांनो, तुमचे अनुभव लिहा

आपल्या भागात 'बेंजो' म्हटलं की सगळ्यांना बटणांचा बेंजोच आठवतो. मिरवणूक, ट्रॉलीवरचे स्पीकर, डाव्या हाताची बोटं बटणांवर आणि उजव्या हातात पट्टी. ते वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. १९१२ साली जपानमध्ये नागोयाला जन्मलेल्या ताइशोगोतो या वाद्याचं आपल्या मातीत रुजलेलं रूप. त्याबद्दल मला फार जिव्हाळा आहे, पण हा धागा त्याच्या नावाच्या दुसऱ्या वाद्यासाठी. डफासारखं गोल तोंड, त्यावर तबल्यासारखी ताणलेली पुडी, लांब दांडी आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड, दांडीवरच्या पाचव्या पडद्यापासून (म्हणजे आडव्या पट्टीपासून) सुरू होणारी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत भोपळ्यावर कातडं चढवून हे वाद्य उभं केलं. त्यांच्या मुलखातल्या वाद्यांची आठवण त्यांच्या हातात होती.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. बँजो घेतला तेव्हा शिकवणारं जवळपास कुणी नव्हतं. मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ हेच गुरुजी. ते धडे खरंच उत्तम असतात. माणूस समोर बसून एकेक बोट दाखवतो, पाऊणपट वेगानं लावा, तेच दहा सेकंद पन्नास वेळा बघा, तो कंटाळत नाही. पण चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की त्याला मी ऐकूच येत नाही. माझं चुकत होतं आणि तो 'छान, आता पुढं जाऊ' म्हणून पुढं जात होता. मग ओळखीतून कळलं की साताऱ्यात एक काका हेच वाजवतात. त्यांना भीत भीत एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं : "ताई, अंगठा उशिरा येतोय. बाकी काही बघू नका, आठवडाभर एवढंच करा."

त्या एका वाक्यावर आमचा ग्रुप उभा राहिला. आज आम्ही चौदा जण आहोत. नियम एकच, तयार झालेलं पाठवायचं नाही. अडखळतंय तेच पाठवायचं, आणि ऐकणाऱ्यानं एकच गोष्ट सांगायची. तुमची सुरुवात कशी झाली, कुठं अडलात, कुणी हात दिला, सविस्तर लिहा.

करंजे, सातारा. एसटीतून निवृत्त, वय ६४

ताईंनी विषय काढलाच आहे तर मीच पहिला लिहितो. मुलानं मला बँजो आणून दिला. त्याआधी भजनात पखवाज, तेवढीच माझी वाद्याची ओळख. व्हिडिओतले गुरुजी इंग्रजीत बोलायचे, निम्मं कळायचं नाही. मग मी आवाज बंद करून नुसता त्यांचा हात बघायला लागलो. क्लॉहॅमर म्हणतात त्या पद्धतीत तार ओढायची नसते. पंजा वाकवून ठेवायचा आणि तर्जनीच्या नखाची पाठ तारेवर वरून खाली पाडायची. मग तसाच हात तारांवरून खाली घासत न्यायचा. त्याच वेळी अंगठा पाचव्या तारेवर जाऊन टेकतो, आणि हात उचलताना ती तार सुटते. तिकडं या ठेक्याला 'बम-डिटी' म्हणतात. माझ्या तोंडात ते बसेना. एकदा भजनाहून घरी येताना चालता चालता 'धाऽ तिट, धाऽ तिट' म्हणून बघितलं. 'धा'ला एक तार, 'ति'ला घासणी, 'ट'ला अंगठा. घरी येऊन चपला काढल्या आणि तसाच वाजवायला बसलो. हात चालला!

ग्रुपवर नुसतं तोंडानं म्हणून पाठवलं. त्या रात्री सात जणांची 'धाऽ तिट' माझ्या फोनवर आली. घरात दोघंच असतो आम्ही. हिनं सगळी ऐकली, एक एक करून.

मिरज. नर्स

दोन खोल्यांचं घर, सासूबाईंची झोप हलकी आणि माझी पाळी रात्रीची. बँजोचा आवाज तर भिंतीपलीकडं जातो. ग्रुपवर विचारलं तेव्हा उपाय मिळाला : मागच्या बाजूनं, पुडी आणि आतली दांडी यांच्यामध्ये कापड कोंबा. मी लेकीचं जुनं टोपडं कोंबलंय. आवाज निम्म्यावर येतो. ड्यूटीला निघण्याआधी रोज वीस मिनिटं, दोन वर्षं झाली, फार क्वचित खंड पडलाय.

तासगाव तालुका. द्राक्षबागायतदार

मला नखानं लई छळलं. एप्रिलात खरड छाटणी आली की दिवसभर कात्री हातात, नख राहतंय कुठलं? आणि नख नसलं की तार बोलतच नाही, नुसता मांसाचा दबका आवाज येतो. एका धड्यात बघितलं की तिकडचे वादक टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून नखावर चिकटवतात. पोराचा चेंडू कापला. दोन दिवस टिकला, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या पाइपला हात लावताना निघाला. मग भाचीकडं गेलो. तिचं सांगलीत पार्लर आहे. तिनं एका बोटाला ॲक्रिलिकचं नख बसवून, पाहिजे तेवढं घासून दिलं. आता छाटणीतसुद्धा वाजवणं सुटत नाही. बागेतल्या बायकांनी नख बघून विचारलं, तेव्हा दुपारच्या सुट्टीत शेडमध्ये वाजवूनच दाखवलं. आता जेवण झालं की त्याच म्हणतात, "दादा, आणा की तुमचं ते."

कऱ्हाड. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला

मी तीन बोटांच्या शैलीनं शिकतोय. १९४५ मध्ये अमेरिकेतले बँजोवादक अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोंच्या बँडमध्ये आले आणि ही शैली घराघरात गेली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्हींवर नख्या चढवायच्या आणि आठ सुरांचा रोल (बोटांचा फिरता क्रम) तीन-तीन-दोन असा फिरवायचा. रोल मला महिन्याभरात जमला. रडलो ते सुरावर.

वाद्य ऑनलाइन मागवलं होतं. मोकळ्या, म्हणजे न दाबलेल्या, तारा ट्यूनर ॲपवर बरोबर, पण दांडीवर वर जाईन तसं बेसूर. विकणाऱ्याला फोन केला तर "नवीन आहात, कान तयार झाला नाही" म्हणाले. मी ते खरं मानलं. तीन महिने स्वतःच्या कानाला दोष दिला, रेकॉर्डिंग पाठवणंही बंद केलं. ताईंनी स्वतःहून फोन करून ग्रुपच्या रविवारच्या कॉलवर बसवलं. वाईच्या मॅडमनी मला एकच तार मोकळी आणि मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवायला सांगितली. दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "बाराव्यावर सूर चढतोय. तुझा कान बरोबर आहे रे, वाद्य चुकतंय." फोन म्यूट करून मी थोडा वेळ तसाच बसलो.

पुढच्या शनिवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ती ही गल्ली. ज्या चाचांकडं गेलो त्यांनी बँजो आधी कधी उघडलेला नव्हता. मांडीवर घेतला, एकदा छेडला, आणि लगेच घोडीकडं, तारा जिच्यावरून जातात त्या लाकडी तुकड्याकडं, बघितलं. "ही चिकटवलेली नाही?" मी म्हटलं, नसतेच, तारांच्या दाबावर उभी असते. त्यांनी खिशातून दोरा काढला. वरच्या मेरूपासून (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या पडद्यापर्यंत मोजला, तिथं चिमटीत धरला आणि तेवढाच पुढं नेला. दोऱ्याचं टोक घोडीच्या पलीकडं गेलं. घोडी दांडीच्या बाजूला सरकलेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी असेल. तारा सैल करून त्यांनी ती मागं घेतली. मग पुडी ताणून धरणाऱ्या कडेच्या एकेका हुकाजवळ बोटानं टिचकी मारत गेले. जिथं आवाज पडेल तिथला हुक किल्लीनं जरासा आवळायचा आणि समोरचा ऐकायचा. "तबल्यासारखंच आहे. चारी बाजूंनी एक सूर बोलला पाहिजे." पाऊण तास गेला असेल. बारावा पडदा दाबला तर सूर शंभर टक्के जुळला.

त्यांना मोबाइलवर जुन्या भोपळ्याच्या बँजोचं चित्र दाखवलं. त्यांचे भोपळे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात. चित्र बराच वेळ बघितलं आणि आत काम करणाऱ्या मुलाला हाक मारली, "इकडं ये, हे बघ, ह्यांचापण भोपळाच होता." दोनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून.

वाई. हार्मोनियमच्या शिकवण्या घेते

त्या मुलाचं वाचून डोळे भरून आले. आता कामाचं लिहिते, कारण आपल्यापैकी बरेच जण तिकडच्या अक्षरांत अडकतात. नेहमीची जुळणी जी, डी, जी, बी, डी अशी सांगतात. 'जी'ला सा माना. मग आखूड पाचवी तार म्हणजे तार सा, चौथी मंद्र प, तिसरी सा, दुसरी शुद्ध ग, पहिली प. बोट न लावता सा-ग-प मिळालं, आणि आखूड तार सतारीच्या चिकारीसारखी मधून मधून सा देत राहते. यात भूप राग जणू मांडूनच ठेवलाय. तिसरी मोकळी सा, तिचाच दुसरा पडदा रे, दुसरी मोकळी ग, पहिली मोकळी प, तिचा दुसरा पडदा ध, पाचवा पडदा तार सा. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एवढंच देते. अर्ध्या तासात आरोह-अवरोह होतो आणि चेहरा उजळतो.

दुर्गा राग वाजवायला घेतला तेव्हा मात्र दुसरी तार नडली. दुर्गात गंधार नाही, आणि चुकून ती मोकळी तार लागली की सगळं विस्कटायचं. नंतर एका धड्यात सॉमिल नावाची जुळणी दिसली. तीत दुसरी तार अर्धा सूर चढवून 'सी' करतात, म्हणजे आपला शुद्ध म. आता तारांवर सा-म-प आहे, ग कुठंच नाही. दुर्गासाठी आणखी काय हवं? अमेरिकेतल्या डोंगराळ भागातल्या लोकांनी ही जुळणी त्यांच्या गाण्यांसाठी ठेवली आणि मला ती वाईत घाटावर बसून उपयोगी पडली. त्या दिवशी मी लागोपाठ दोन तास वाजवत होते. बँजो आपल्या संगीतात शोभेल का, असं कुणी विचारलं तर मी २०२४ चा ग्रॅमी पुरस्कार मिळवणाऱ्या चौघांचं सांगते. त्या चौघांत झाकीरभाईंचा तबला, राकेश चौरसियांची बासरी, एडगर मेयर यांचा बास आणि बेला फ्लेक यांचा बँजो होता.

गावभाग, सांगली. बेंजो पार्टीत वाजवतो

मी बटणवाला. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात आलं, माणसं आधी बाहेर काढली, बेंजो खालीच राहिला. पाणी उतरल्यावर बघितलं तर लाकूड फुगलेलं, बटणं जाम, तारांवर गाळ. पोटाचं साधन होतं ते. नवा घ्यायला वर्ष गेलं. त्या वर्षात हात रिकामे राहू नयेत म्हणून मित्राचा पाच तारांचा बँजो आणला आणि व्हिडिओ बघत बसलो. पुढं ताईंनी ग्रुपवर घेतलं. मला वाटलेलं, ही शिकलेली माणसं, आपल्याला कोण विचारणार. पण चाल नुसती ऐकून उचलायची सवय आम्हाला लहानपणापासून, कागद कधी बघितलाच नाही. आता नवीन धड्याची चाल मीच आधी बसवतो आणि तुकडे पाडून सगळ्यांना पाठवतो. पार्टीचं काम परत सुरू झालंय, तरी रविवारी सकाळी नऊला मी असतोच, आदल्या रात्री वरात कितीला का संपेना.

कोरेगाव. आजच बँजो आलाय

नमस्कार. वरचं सगळं वाचलं. मी आत्ताच खोकं उघडलं. तारा सैल आहेत आणि एक लाकडी तुकडा सुटा निघालाय, तीन पायांचा. वाद्य मोडलंय का? परत पाठवू का?

धागाकर्ती

मोडलेलं नाही हो ताई, अजिबात घाबरू नका. तीच घोडी. प्रवासात पुडीला इजा होऊ नये म्हणून बऱ्याचदा ती काढून ठेवतात. आधी दोरा घ्या. मेरूपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा, तेवढंच पुढं मोजून तिथं घोडी उभी करा. पहिली तार खाली, तुमच्या पायांकडं, आणि आखूड पाचवी वर. मग सगळ्या तारा थोड्या थोड्या चढवा, एकच तार एकदम ताणू नका. तिसरी तार 'सा'ला लागली की तेवढी एकच वाजवून पाठवा. रात्री दहापर्यंत पाठवलीत तरी चालेल, करंज्याचे काका जागे असतात.