दोन फायरवॉलसाठी एवढा घाट कशाला?

विक्रोळीकर
पवईच्या आमच्या ऑफिसात सध्या एक लग्नघाई चालू आहे. एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये, म्हणजे इथल्या डेटा सेंटरांत, पालो आल्टो कंपनीच्या व्हीएम-सिरीज फायरवॉल (नेटवर्कचे पहारेकरी, पण सॉफ्टवेअरमधले) लावायच्या आहेत. किती? दोन. आणि त्या आपोआप कॉन्फिगर होऊन उठाव्यात म्हणून पोरं दोन आठवडे खपतायत. एस-थ्री बकेट (एडब्ल्यूएसवरची फाइलींची साठवण), तिच्यात कॉन्फिग, कंटेंट, लायसन्स, सॉफ्टवेअर असे चार फोल्डर. रिकामा असला तरी प्रत्येक फोल्डर लागतोच. "हा कशाला" म्हणून एक उडवला की बूटस्ट्रॅप (उठताना या फाइली वाचून स्वतःला कॉन्फिगर करणं) बोंबललं. त्यावर टेराफॉर्म, म्हणजे कोड लिहून मशीनं उभी करायचं टूल.

हाताने केलं असतं तर पासवर्ड, इंटरफेस, झोन, रूट, चार पॉलिसी, कमिट. दुपारच्या चहाआधी मोकळे. शिवाय बूटस्ट्रॅप चालतं फक्त पहिल्या बूटला. काही चुकलं की मशीन पाडा, परत उभी करा, परत वाट बघत बसा. माझं मत: पाचाच्या आत असतील तर हातानेच करावं.

कळवा_फास्ट
दादा, दोन म्हणताय, डीआर (एक जागा बंद पडली तर दुसरीकडची राखीव जोडी) धरलात का? २०१६ ला मुंबई रीजन आलं तेव्हा एडब्ल्यूएसचं देशात दुसरं नव्हतं. नोव्हेंबर २०२२ पासून हैदराबाद आहे. क्लायंट मागणारच. म्हणजे झाल्या चार.

आणि हाताने केलेल्या चौथीत काय विसराल तेही सांगतो: नेटवर्क इंटरफेसवरचा सोर्स-डेस्टिनेशन चेक (पॅकेट त्याच मशीनचं आहे ना ही एडब्ल्यूएसची तपासणी; फायरवॉलमधून तर दुसऱ्यांचीच जातात) बंद करायला. फायरवॉल ठणठणीत, पॉलिसी बरोबर, ट्रॅफिक लॉग कोरा. पॅकेट फायरवॉलपर्यंत पोचतच नाही, एडब्ल्यूएस आधीच टाकून देतं. मी एक अख्खी रात्र पॉलिसी वरखाली करत बसलो होतो. घरी पोचलो तेव्हा दूधवाला जिन्यात.

विक्रोळीकर
तो चेक टेराफॉर्ममध्येही लिहावाच लागतो. विसरणारा तिथेही विसरेल.
(अवांतर: कळव्याला फास्ट लोकल कधीपासून थांबायला लागली?)

कळवा_फास्ट
विसरेल, पण एकदाच. दुरुस्ती चारही ठिकाणी लागते. आणि रिव्ह्यूत ते दुसऱ्याला दिसतं. तुम्ही स्क्रीनवर काढलेली टिक कोणाला दिसते?
(नावातच दुःख आहे हो.)

ऑडिटवाली
दोघंही वेळेचं बोलताय, पासवर्डचं कोणीच नाही. यूजर डेटामध्ये (मशीन उठताना तिला दिलेला मजकूर) गुपितं ठेवू नका हे एडब्ल्यूएस स्वतः सांगतं, तरी मला दर दुसऱ्या ठिकाणी सापडतात. टेराफॉर्मच्या स्टेट फाइलमध्ये (काय काय उभं केलं त्याची नोंद) तेच पासवर्ड साध्या मजकुरात. बकेटमधल्या बूटस्ट्रॅप डॉट एक्सएमएलमध्ये तर तुमच्या नेटवर्कचा सगळा नकाशाच. २०१९ चं कॅपिटल वन (अमेरिकन बँक) आठवा: वेब अ‍ॅप्लिकेशन फायरवॉलचं कॉन्फिगरेशन चुकलं, त्या वाटेने मेटाडेटातून (मशीनला स्वतःची माहिती देणारी एडब्ल्यूएसची सेवा) रोलच्या (मशीनला दिलेल्या परवानग्यांचा संच) किल्ल्या मिळाल्या आणि अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती बकेटमधून बाहेर गेली. त्यामुळे फायरवॉलच्या रोलला त्या एका बकेटपुरतीच आणि फक्त वाचायची परवानगी द्या.

पण विक्रोळीकर, तुमच्या बाजूनेही मी नाही. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. हाताने केलेल्या फायरवॉलवर एनटीपीचा (घड्याळ जुळवायचा) रकाना हमखास कोरा असतो.

नाइटशिफ्ट
आमचा किस्सा. नवी फायरवॉल पॅनोरमाला (सगळ्या फायरवॉल एका जागेवरून सांभाळणारं पालो आल्टोचं सॉफ्टवेअर) जोडायला जी ऑथ की (ओळखीची किल्ली) बनवतात तिला मुदत असते. १ तासापासून ८७६० तासांपर्यंत घालता येते. आमच्या हुशार माणसाने घातली २४ तास. डेमो झकास, टाळ्या, समोसे. तीन महिन्यांनी रात्री लोड वाढला, ऑटोस्केलने (लोडप्रमाणे मशीनं वाढवणारी सोय) नवी फायरवॉल उभी केली आणि पॅनोरमाने तिला ओळखच दिली नाही. पॉलिसी नाही, ट्रॅफिक नाही. हुशार माणूस तोवर पुण्यात, दुसऱ्या नोकरीत. फोन मला.

विक्रोळीकर
मी दुसरं काय म्हणतोय!

नाइटशिफ्ट
नाही हो, तुम्ही वेगळं म्हणताय. मी ऑटोमेशन काढलं नाही. दर सोमवारी टेस्ट सबनेटमध्ये एक फायरवॉल पाडून नवी उठवायला लावली. नाही उठली तर सोमवारी सकाळी अकराला कळतं, रात्री दोनला नाही. तुमच्या हाताने केलेल्या दोन्ही जर एकदम गेल्या, तर परत करायला कोणाला उठवणार?

विक्रोळीकर
मलाच.

(दुसऱ्या दिवशी)
आज लावल्या. पहिली पोरांच्या पद्धतीने उठली, नावासकट पॅनोरमात दिसली. मान्य, बघायला बरं वाटलं. दुसरी फॅक्टरी डीफॉल्टवर. तिला बकेट वाचायचा रोलच जोडलेला नव्हता, आणि तिने तशी तक्रारही केली नाही, गपचूप कोरी उठली. मी वीस मिनिटांत हाताने करून टाकली.

कळवा_फास्ट
म्हणजे आता जोडीतली एक कोडमध्ये आहे आणि दुसरी तुमच्या डोक्यात. रोल जोडा आणि ती पाडा, दादा.

विक्रोळीकर
पाडतो. पण उद्या. आज कांजूरहून आठ बारा गाठायची आहे.