चिपीला सी-१७ उतरवून पुरासाठी जेसीबी आणता येतील का?

कुडाळकर
पुरात महामार्ग आणि कोकण रेल्वे दोन्ही बंद पडले, तर हवाई दलाचं सी-१७ हे मोठं मालवाहू विमान चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, उतरेल का? धावपट्टी २,५०० मीटरची आहे. विमान ७७ टन उचलतं, म्हणजे साडेसात टनांचे दहा जेसीबी एका खेपेत यायला हवेत. हिशेब बरोबर आहे का?

खाडीकाठ
लांबी भरपूर आहे. इंजिनांचा झोत फ्लॅपवर (पंखांच्या मागच्या, खाली झुकणाऱ्या पट्ट्यांवर) जातो, त्यामुळे एवढं मोठं विमान कमी वेगात उतरतं आणि सुमारे १,०७० मीटरच्या पट्टीवरही थांबू शकतं. अडेल ते पट्टीच्या ताकदीवर. रिकामं विमानच १२८ टनांचं आहे. हिंडनहून (दिल्लीजवळच्या सी-१७ च्या तळावरून) सुमारे दीड हजार किमी यायचं, आणि चिपीत इंधन मिळालं नाही तर परतीचंही सोबत हवं, म्हणजे उतरतानाचं वजन वाढलंच. भार चौदा चाकांवर वाटला जातो, तरी एटीआरसारख्या लहान प्रवासी विमानाला पुरणारा, विमानं उभी करायचा अ‍ॅप्रन याला पुरेल असं गृहीत धरू नका. पट्टी आणि अ‍ॅप्रन, दोन्हींचे पीसीआर (किती भार पेलतो ते सांगणारा आकडा; २०२४ पर्यंत पीसीएन) बघा.

पाणी साचलं असेल तर टायर तरंगतात, ब्रेक धरत नाहीत. मग तो १,०७० चा आकडा विसरायचा. आषाढात ढग खाली बसले की उतरणंच अवघड.

लोडप्लॅन
दहा येणार नाहीत. वजनाआधी जागा संपते. होल्डची (माल ठेवायच्या पोकळीची) सपाट जमीन साधारण २०.७ मीटर लांब, ५.५ रुंद. जेसीबी सुमारे सहा मीटरचा. जोडीजोडीने तीन रांगा, म्हणजे सहाच. मागच्या रॅम्पवर (उघडणाऱ्या उतारावर) उड्डाणात १८ टन चालतात, पण तिथलं वजन गुरुत्वमध्य शेपटीकडे ओढतं, त्यामुळे तिथे काय ठेवायचं ते विमानातला माल लावणारा लोडमास्टरच ठरवेल. उंचीही मोजा. पंखाखाली छत ३.७६ मीटरवर आहे, बूम (जेसीबीचा खोदायचा हात) नीट दुमडायलाच हवा.

बांधणीत काटकसर अजिबात नको. पुढच्या दिशेने ३ जी, म्हणजे वजनाच्या तिप्पट झटका, धरतात, म्हणजे साडेसात टनांच्या यंत्राला २२.५ टनांची पकड लागते. ११.३ टनांच्या दोन साखळ्यांत काम भागेलसं वाटतं, पण जमिनीशी ३० अंश आणि विमानाच्या मध्यरेषेशी ३० अंश तिरकी लावली की साखळीची ताकद पाऊणच उरते. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणून चार लावा.

कुडाळकर
मग धान्य आणि ताडपत्र्या पॅलेटवर (माल रचून बांधायच्या सपाट फळीवर) आणल्या तर?

लोडप्लॅन
अठरा पॅलेट बसतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ४.५ टन. सगळी धान्यानेच भरली तर ८१ टन होतील, मर्यादेच्या वर. ताडपत्र्या मिसळा. जेसीबी रॅम्पवरून स्वतः उतरतो, पॅलेटला मात्र लोडर किंवा फोर्कलिफ्ट लागते. चिपीत ती नसेल तर पहिल्या खेपेतच पाठवा, आणि सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे आधी तीच उतरेल.