अ‍ॅव्होगॅड्रोत सायक्लोहेक्झेनची खुर्चीच होत नाही!

खडूफळा: तालुक्याच्या कॉलेजात एसवायला ऑरगॅनिक शिकवते. पंधरा वर्षं फळ्यावर सायक्लोहेक्झेनची, म्हणजे सहा कार्बनच्या कड्याची, खुर्चीसारखी आकृती काढतेय. पोरं ती पाठ करतात, पण हा हायड्रोजन उभा आणि तो आडवा का, असं विचारलं की पंख्याकडे बघतात. बॉल-स्टिकचा डबा एकच, त्यातले निम्मे काळे गोळे गायब. म्हणून यंदा लॅबच्या सहा पीसींवर अ‍ॅव्होगॅड्रो टाकलं; रेणूंची मॉडेलं काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. काल चार गटांची खुर्ची छान आली. दोन गटांचं मात्र ऑप्टिमाइझ (एनर्जी कमी करत आकार सुधारणं) करूनही मुरगळलेलं काहीतरी, आणि एनर्जी बाकीच्यांपेक्षा साधारण 25 किलोज्यूल जास्त. फोर्स फील्ड, म्हणजे एनर्जी मोजायची सूत्रं, सगळ्यांचं एकच: एमएमएफएफ94. "बघून सांगते" म्हणून वेळ मारून नेली. चुकलं कुठे?

दुसरीमोल: चुकलं नाही मॅडम, ती ट्विस्ट-बोट, म्हणजे पिळलेल्या होडीचा आकार आहे. त्या पोरांनी सुरुवातीलाच होडीसारखं काढलं असणार. ऑप्टिमाइझ म्हणजे फक्त एनर्जीचा उतार धरणं. पहिला खड्डा लागला की रेणू तिथेच बसतो. ट्विस्ट-बोट खुर्चीपेक्षा सुमारे 23 किलोज्यूल प्रति मोल वर असते, म्हणजे तुमचा आकडा ठीकच. मधली चढण खुर्चीपासून 45च्या आसपास. ऑप्टिमायझरला चढता येत नाही. खऱ्या रेणूला उष्णतेचे धक्के बसतात, म्हणून खोलीच्या तापमानाला तो सेकंदाला लाखभर वेळा उलटतो.

निवृत्त_प्रयोगशाळा: आधी भिजवलेले वाटाणे आणि टूथपिक द्या हो. स्क्रीनवर पोरं माउस फिरवतात, "भारी" म्हणतात आणि घरी जातात.

दुसरीमोल: सर, वाटाण्याला एनर्जी विचारता येत नाही ना! पण अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा आणि मगच पीसी चालू करू द्यावा, हे माझंही मत. मिथाइलसायक्लोहेक्झेन घ्या, म्हणजे एका हायड्रोजनच्या जागी मिथाइल (CH3) गट: तो उभा की आडवा? फरक 7 किलोज्यूलच्या आसपास, आणि तेवढ्यावर खोलीच्या तापमानाला शंभरातले पंच्याण्णव रेणू आडव्या मिथाइलचे.

खडूफळा: वाटाणे भिजत घातलेत, सर. आज त्या दोन गटांनाच पुढे बोलावून खड्ड्याचं सांगायला लावलं. मागच्या बाकावरची एक, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, मग आपली खुर्ची तरी सगळ्यात खालचा खड्डा कशावरून?" कॉन्फॉर्मर सर्च, म्हणजे रेणूचे वेगवेगळे आकार तपासून सगळ्यात कमी एनर्जीचा शोधायचा प्रकार, दाखवावा म्हणतेय. कुणी एसवायच्या वर्गात केलाय?