मदत हवी आहे : साडेचार वर्षांच्या मुलीला 'कोको' दाखवावा का?

रविवारी भाचा (वय ७) येतोय आणि त्याला 'कोको' (२०१७) हा ॲनिमेशन सिनेमा बघायचा आहे. माझी मुलगी साडेचार वर्षांची, तीही सोबत बसणारच. दोन महिन्यांपूर्वी तिची पणजी गेली, म्हणून विचारतेय. (पुढे कथा उघड होते.)

मी आधी एकटीने पूर्ण पाहिला, १०५ मिनिटं. यात मृतांची दुनिया आहे आणि तिथले लोक सांगाडे दाखवलेत, पण त्यांची फारशी चिंता नाही. ते गाणारे-नाचणारे आहेत, आणि ट्रेलर बघून ती हसलीच. अडतंय ते दुसरीकडे. ज्याची आठवण काढणारं कुणी उरलं नाही, तो मृतांच्या दुनियेतूनही विरून जातो. प्रसंग फार हळुवार केलाय, पण 'मी पणजीला विसरले तर?' असं तिने विचारलं तर काय सांगायचं? तो प्रसंग न दाखवता पुढे सरकवावा, तर शेवटाचा अर्थच लागत नाही. एका पात्राला त्याच्याच मित्राने विष देऊन मारल्याचं उघड होतं, तेही आहेच.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावरून ठरवावं, तर २०२४ पासून आपल्याकडे यूए ७+, १३+, १६+ असे टप्पे आलेत. सातच्या आतल्यांसाठी वेगळा टप्पा नाही.

घरीच बघणार, मध्ये थांबवता येईल. भाच्याला दुसरा सिनेमा सुचवून झाला, तो ऐकत नाही.

घरात नुकतंच कुणी गेलेलं असताना चार-पाच वर्षांच्या मुलांना हा कुणी दाखवलाय का? विरून जाण्याच्या प्रसंगानंतर त्यांनी काय विचारलं, आणि तुम्ही आधी काय सांगून ठेवलं होतं?