डॉजर स्टेडियममध्ये दुपारच्या सामन्याला सावलीची जागा कुठे मिळेल?

प्रश्न : जुलैमध्ये पुण्याहून आलेल्या आईबाबांना लॉस एंजेलिसला रविवारचा एक वाजताचा बेसबॉल सामना दाखवायचा आहे. गेल्या वर्षी उजव्या पॅव्हिलियनमध्ये (मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या प्रेक्षक-जागांत) आम्ही अक्षरशः भाजून निघालो होतो. या वेळी तिकिटे कुठली काढावीत?

उत्तर १ : तिसऱ्या बेसची बाजू, म्हणजे होम प्लेटवरून (फलंदाजाच्या जागेवरून) मैदानाकडे पाहताना डावीकडची, घ्यावी. होम प्लेटकडून पाहिल्यास मैदान साधारण ईशान्य-उत्तरेकडे उघडते, त्यामुळे ही बाजू पश्चिमेला येते आणि दुपार कलताना सावली तिथे आधी उतरते.

उत्तर २ : हे खरे असले, तरी उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असल्याने एक वाजता सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो आणि पहिल्या काही डावांत बाजू कोणतीही असो, छताखालच्या जागाच कामी येतात. म्हणून लोज मजल्याच्या, म्हणजे मैदानालगतच्या जागांच्या वरच्या मजल्याच्या, अगदी मागच्या रांगा पाहाव्यात. वरच्या मजल्याचा सज्जा त्यांच्यावर येतो. माझ्या आईला तिथे बसवले, तेव्हा चार-पाच रांगा पुढच्या खुर्चीला हात लावला तर चटका बसत होता आणि आमच्या खुर्च्या गार होत्या. उंच चेंडू मात्र सज्ज्याआड जातो. वडीलधाऱ्यांसाठी तेवढे सोसावे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. लोजच्या मागच्या रांगाच घेतो, त्याही तिसऱ्या बेसकडच्या.