मदत हवी आहे: १ शमुवेल १९:१३ मधल्या 'कवीर'ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी, आमच्या अभ्यासगटासाठी बायबलमधल्या शमुवेलाच्या पुस्तकातल्या गोष्टी थेट हिब्रूवरून बोली मराठीत उतरवतेय आणि अंथरूण-पांघरुणापाशी गाडी अडलीये. राजा शौलाची माणसं दावीदला पकडायला येणार म्हणून त्याची बायको मीखल त्याला खिडकीतून खाली सोडते, मग पलंगावर तराफीम म्हणजे घरातली देवमूर्ती निजवते, तिच्या डोक्याशी शेळ्यांचं 'कवीर' ठेवते आणि वरून कपडा घालते. आता हा शब्द अख्ख्या तनाखात, म्हणजे हिब्रू बायबलात, या अर्थाने फक्त इथेच, १३ आणि १६ या दोन ओळींत येतो, त्यामुळे ताडून बघायला दुसरी जागाच नाही.

जुन्या इंग्रजी बायबलात उशी आहे. पण जवळचे शब्द बघा, 'मिखबार' म्हणजे वेदीची जाळी, 'कवारा' म्हणजे चाळण, आणि हजाएलने पाण्यात बुडवून राजाच्या तोंडावर टाकलं ते 'मखबेर', म्हणजे काहीतरी विणलेलं, जाळीदार असावं असं मला वाटतं. राशी या मध्ययुगीन ज्यू भाष्यकाराचं भाष्य म्हणतं की मूर्तीला केस नसतात म्हणून ते डोक्याशी ठेवलं, हे मला फार पटतं. आणि सेप्टुआजिंट या ग्रीक अनुवादात तर चक्क शेळीचं काळीज, म्हणजे यकृत, आहे! बहुतेक 'कवीर'चं 'कवेद' (यकृत) वाचलं गेलं, हिब्रूत रेश (र) आणि दालेत (द) ही अक्षरं दिसायला जवळजवळ सारखे. पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकार जोसेफसने तेच धरून लिहिलंय की काळीज हलत होतं म्हणून पांघरुणाखाली माणूस श्वास घेतोय असं वाटलं.

माझी अडचण अशी की उशी लिहिलं तर केसांचा भास करायची मीखलची युक्ती हरवते आणि घोंगडी लिहिलं तर मेंढीची लोकर डोळ्यासमोर येते. शेळीच्या केसांच्या विणलेल्या वस्तूला तुमच्याकडे वेगळं नाव आहे का? धनगर घरातलं कोणी असेल तर नक्की सांगा.

अजून एक, त्याच ओळीत 'मराशोत' आहे, म्हणजे डोक्याकडची जागा. शौलाचा भाला, एलीया संदेष्ट्याची भाकर, सगळीकडे 'उशाशी' मस्त बसतं, पण उत्पत्ती २८:११ मध्ये याकोबाने दगड उशाला घेतला लिहू की उशाशी ठेवला? राशी म्हणतो त्याने जनावरांच्या भीतीने दगड डोक्याभोवती रचले, तसं असेल तर 'उशाला' चुकतं ना? बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांत ही गोष्ट मराठीत सांगताना काय म्हणतात तेही कळलं तर खूप मदत होईल.